उंबरठ्याखालचा दाखला

एखादी वस्तू हरवणे सोपे असते. ती हरवली आहे हे सरकारला पटवणे अवघड. जिल्ह्याच्या मोटार नोंदणी शाखेत मी उमेदवार कारकून म्हणून चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत नक्की काय शिकलो असे कुणी विचारले, तर हे एक वाक्य मी छातीठोकपणे सांगू शकतो.

वडिलांचे वडगावात शिवणाचे मशीन होते. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. पदवीचा कागद घरी आला त्या दिवशी आईने तो पाटावर मांडला, उदबत्ती ओवाळली आणि हळदकुंकू वाहिले. विद्यापीठाच्या मोहोरेशेजारी तिच्या बोटाचा पिवळा ठसा कायमचा उमटला. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" मी म्हटले, "शाई." साहेबांनी पिवळी शाई कुठे पाहिली असेल ते त्यांनाच ठाऊक, पण नोकरी मिळाली. सरकारदरबारी मी बोललेले हे पहिले खोटे. दुसऱ्या खोट्याची हकीकत पुढे येणार आहे. तिसरे बोलण्याची पाळी आली नाही, याबद्दल मी देवाचा आणि पेन्शनचा ऋणी आहे.

आमच्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्याकडे तिचा नोंदणीचा दाखला असावा लागतो. त्यावर मालकाचे नाव, गाडीचा नंबर, रंग, इंजिनावर कोरलेला आकडा आणि गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, कोरलेला आकडा असतो. मोटार डोळ्यांसमोर धुरळा उडवत उभी असली तरी दाखल्याशिवाय ती कुणाचीच नसते. आणि दाखला खिशात असला, तर मोटार दरीत पडून गंजत असली तरी ती तुमचीच असते. नव्याने आलेल्या प्रत्येक कारकुनाला हे समजायला सहा महिने लागत. एकदा समजले की मग दुसरे काही समजून घेण्याची गरज उरत नसे.

दाखला गेला तर त्याची दुय्यम प्रत मिळे, पण त्यासाठी नियमाने तीनच दरवाजे ठेवलेले होते. दाखला हरवलेला असावा, नाही तर नष्ट झालेला असावा, नाही तर वाचता येईनासा झालेला असावा. चौथ्या रीतीने गेलेला दाखला हा गेलेला नव्हे, असे आमचे हेडक्लार्क करंदीकर म्हणत. करंदीकर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना नियम तोंडपाठ होते आणि माणसांची नावे आठवत नसत, इतकेच.

आता हे दरवाजे कसे उघडत, त्याचा एक मासला. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर अब्बासभाईंची टॅक्सी असे. दाखला ते बैठकीखाली हातपुसण्यात गुंडाळून ठेवत. वर्षानुवर्षांच्या तेलाने तो पतंगाच्या कागदासारखा आरपार दिसू लागला होता. अब्बासभाईंनी तिसऱ्या दरवाजाने अर्ज केला. करंदीकरांनी दाखला हातात घेतला, खिडकीशी गेले, उन्हाकडे धरला आणि सगळा मजकूर घडाघडा वाचून दाखवला.

"वाचता येतो. अर्ज नामंजूर."

अब्बासभाई म्हणाले, "साहेब, रस्त्यात पोलीस अडवतो तेव्हा रोज ऊन कुठून आणू? आमच्या लोणावळ्यात चार महिने सूर्यच दिसत नाही."

करंदीकरांनी क्षणभर विचार केला. "मग पावसाळ्यात या," ते म्हणाले. यात टिंगल नव्हती. अब्बासभाई आषाढात आले, कचेरीत दिवे लावलेले होते, करंदीकरांनी दाखला खिडकीशी धरला, त्यांना एक अक्षर लागले नाही, आणि अर्ज मंजूर झाला. अब्बासभाई जाताना मला म्हणाले, "मास्तर, तुमची कचेरी न्यायाची आहे. फक्त हवामान बघून यायला लागतं." मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्मा आणि डगला पाहून ते मला तसे म्हणत.

दुसरा दरवाजा नष्ट झालेल्यांचा. मुंबईच्या एका शेटजींचा लोणावळ्याला बंगला होता. त्यांचा कोट दाखल्यासकट धोब्याकडे गेला. नष्ट झाल्याचा पुरावा म्हणून त्यांनी खिशातला लगदा काडेपेटीत घालून आणला. आम्ही तो फाइलला टाचणीने लावला. पुढे कित्येक वर्षे, दप्तर तपासायला कुणी वरिष्ठ आले की करंदीकर ती फाइल अभिमानाने पुढे करत.

या दोन्ही प्रकरणांत कुणाचे काही बिघडले नाही. म्हणून ती हसत सांगता येतात. धोंडीबाचे प्रकरण मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

युद्धाची वर्षे होती. पेट्रोलला कूपने लागली होती. कित्येकांनी मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी जोडली होती आणि त्या मोटारी घाटात लोहाराच्या दुकानासारख्या धुमसत चढत. अशात हुकूम आला की, नोंदणीचा दाखला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सप्टेंबरनंतर कुणालाही पेट्रोलचे कूपन द्यायचे नाही. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या दारात दाखले हरवलेल्यांची रांग लागली. त्या रांगेत एक दिवस घोंगडीची खोळ घेतलेला, साठीकडे झुकलेला एक गृहस्थ उभा होता.

"कागूद पायजे व्हता, रावसाहेब. मोटारीचा."

मी अर्जाचा कोरा नमुना पुढे ओढला. "हरवला का?"

"न्हाई."

"मग जळला? भिजला?"

"न्हाई बा."

"वाचता येत नाही?"

"मला पयल्यापास्नंच येत न्हाई. विंग्रजी हाय."

"मग दाखला आहे कुठे?"

"उंबऱ्याखाली," तो म्हणाला.

रांगेतले दोघेतिघे हसले. तो हसला नाही. त्याचे नाव धोंडीबा, राहणार कुरवंडे. लोणावळ्याहून दक्षिणेला डोंगराच्या कडेवर ते गाव आहे, आणि त्या काळी तिथून लोणावळ्याला जाणारी एकच मोटार होती, ती धोंडीबाची. पहाटे गावातले दूध घेऊन ती स्टेशनावर जाई, दिवसा बाजारची माणसे नेई-आणी, आणि कुणी आजारी पडले तर त्यालाही तीच दवाखान्यात पोचवी. सप्टेंबरअखेर दाखला नाही दाखवला तर कूपन बंद, आणि कूपन बंद म्हणजे मोटार युद्ध संपेपर्यंत झाडाखाली उभी.

दाखला उंबरठ्याखाली कसा गेला ते त्याने सांगितले. त्याचा मुलगा गेल्या वर्षी लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. तो जाण्यापूर्वी वैशाखात त्यांनी नवे घर बांधले. उंबरठा बसवायच्या दिवशी गवंडी म्हणाला, ज्याच्या जिवावर घर उभे राहिले त्यातले काहीतरी खाली ठेवायचे असते. कुणी भात ठेवतो, लोहार लोखंडाचा तुकडा ठेवतो.

"पोरगं म्हनलं, आबा, मोटारीचा एक नट ठेवू. मी म्हनलं, नट तर बाजारात कुनालाबी मिळतो. त्याच्यावर मोटारीचं नाव हाय का? कागदावर हाय. सरकारनं मोहर मारल्याली हाय. मोटारीचा जीव म्हंजी कागूद. तांब्याच्या डब्यात घातला, वरनं मेण वतलं, आन ठेवला."

"आणि इतके दिवस दाखला कुणी मागितला नाही?"

"कोन मागनार? लोनावळ्याचा पोलीस मोटारीला वळकतो, मोटार त्याला वळकती."

"मग आता उंबरठा उचला, डबा काढा, दाखला दाखवा आणि परत ठेवा," मी म्हटले. मला वाटले, मी फार व्यवहारी बोललो.

धोंडीबाने आवाज खाली आणला. "सून गरवार हाय, रावसाहेब. सहावा चाललाय. पोरगं माघात रजंवर येऊन गेलं, आता तिकडं लढाईवर. अशा वक्ताला घरात कुदळ मारत न्हाईत. उंबऱ्याला तर न्हाईच न्हाई. कार्तिकात सुटंल. मंग तुमी म्हनाल तर समदं घर खनून देतो."

कार्तिक आणि सप्टेंबरअखेर यांच्यामध्ये जवळजवळ दोन महिने होते. दोन महिने मोटार उभी राहिली असती, पेट्रोलचा ठरलेला कोटा रद्द झाला असता, आणि एकदा रद्द झालेला कोटा परत मिळाल्याचे मी पाहिलेले नव्हते.

मी अर्ज घेऊन करंदीकरांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. "हरवणे म्हणजे ठावठिकाणा नसणे," ते म्हणाले. "इथे ठावठिकाणा आहे. उलट इतका पक्का ठावठिकाणा असलेला दाखला माझ्या सबंध नोकरीत मी पाहिला नाही. नष्ट झाला म्हणावे, तर त्याने डब्यात घालून मेण ओतले आहे. न वाचता येण्यासारखा म्हणावे, तर आधी बघायला तर हवा." त्यांनी अर्ज साहेबांकडे पाठवला. साहेब विलायती होते, कामाचा उरक दांडगा. फाइलवर त्यांनी तीनच शब्दांचा शेरा मारला. त्याचा मराठी अर्थ असा: उंबरठा हजर करावा.

साहेबांना दाखला म्हणायचे होते, हे कचेरीतल्या शिपायालाही कळत होते. पण साहेबांच्या शेऱ्याचा अर्थ साहेबांना विचारायची पद्धत नव्हती. कुरवंड्याला पत्र गेले, "आपल्या घराचा उंबरठा घेऊन आठ दिवसांत समक्ष हजर राहावे." आठव्या दिवशी धोंडीबा हात हलवत आला.

"उंबरा चौघांना हलायचा न्हाई, रावसाहेब," तो मला म्हणाला. "आन हलला असता तरी आनला नसता. घर त्याच्यावर हाय."

ते ऐकून मला माझीच लाज वाटली, कारण ते पत्र माझ्याच अक्षरात होते. मी त्याला बाहेर कडुलिंबाच्या पारावर नेले आणि पहिला दरवाजा उघडून दाखवला. एक प्रतिज्ञापत्र करायचे, की दाखला हरवला, कसून शोधला, सापडला नाही. मुद्रांकाच्या कागदावर सही ठोकायची. चार दिवसांत दुय्यम प्रत हातात.

"पन हरवला न्हाई की."

"ते मला ठाऊक आहे, आबा. पण लिहायचं तसं."

"शपथंवर?"

"शपथेवर."

त्याने डोक्याचे मुंडासे काढून गुडघ्यावर ठेवले. "ज्याच्यावर रोज पाय न ठेवता घरात जातो, त्याच्याखाली काय हाय ते मलाच म्हाईत न्हाई असं म्हनू? माझ्याच्यानं न्हाई व्हनार. मोटार ऱ्हाऊ दे हुबी."

मी पदवीधर. तर्कशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास झालेला. मी त्याला वीस मिनिटे समजावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी मलाच विचारले, "तुमी केली असती का सही?" मला माझी पिवळी शाई आठवली. मी विषय बदलला.

नियमांच्या पुस्तकात एक वाट मला सापडली. संशयाच्या प्रकरणी कारकुनाने जागेवर जाऊन तपासणी करावी, असे एक कलम होते. ते कुणी कधी वापरलेले नव्हते. करंदीकरांनी कलम पडताळून पाहिले आणि परवानगी आणून दिली. सप्टेंबरचे आठ दिवस उरले असताना मी लोणावळ्याला उतरलो. मोटारीच्या तपासणीसाठी आलेल्या सरकारी माणसाला न्यायला मोटारमालक बैलगाडी घेऊन आला होता. उरलेले पेट्रोल त्याने दुधासाठी राखून ठेवले होते.

वाटेत पाऊस, धुके, आणि पुन्हा पाऊस. कुरवंड्यात त्या दिवसांत सगळेच ओले असते. घरात शिरताना मी उंबरठा नीट पाहिला. काळ्या दगडाचा, हातभर रुंद, मधोमध हळदीची बोटे. आतून धोंडीबाची सून सरू पाण्याची कळशी घेऊन आली आणि एवढ्या जडपणातही उंबरठ्याला पाय न लावता तो ओलांडून गेली.

मी आधी मोटार तपासली. चासीच्या आकड्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडा कागदावर उमटतो. तशी छाप घेतली. बॉनेटवर कुंकवाचे पाच पट्टे होते. ‘रंग’ या रकान्यात मी फक्त काळा लिहिले.

मग धोंडीबाची बायको बायजाबाई हिने गुळाचा चहा दिला. मी धीर करून विचारले, "मावशी, नुसता दगड पहारीने जरा सरकवला आणि डबा काढून घेतला, तर? कुदळ नाही लावायची."

बायजाबाईने माझ्याकडे पाहिले. "लगीन झालंय का तुमचं?"

"झालंय."

"लेकरं?"

"पहिलं व्हायचंय."

"मंग घरी गेल्यावर तुमच्या बायकूला इचारा, उंबरा सरकवू का म्हनून. ती व्हय म्हनली तर परवा येऊन हितला सरकवा."

धोंडीबा चहाच्या बशीआडून म्हणाला, "ती सरकारला भीत न्हाई. मलाबी न्हाई."

"सरकार काय बाळातपनाला येनार हाय?" बायजाबाई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी ओसरीवर कागद मांडले. घरातल्या मिठाला पाणी सुटले होते. माझी काडेपेटी पेटत नव्हती. भिंतीला हात लावला तर ओला होत होता. मी स्वतःला विचारले, अशा ठिकाणी दीड वर्ष जमिनीत असलेला कागद शाबूत राहील का? मी स्वतःलाच उत्तर दिले की, शक्य नाही. बुद्धी ही फार आज्ञाधारक वस्तू आहे. तिला काय हवे ते आधी सांगितले की ती कारणे आणून देते. मी इंग्रजीत अहवाल लिहिला की, जागेची प्रत्यक्ष पाहणी केली असता दाखला ओलीने नष्ट झाल्याचे दिसून आले. आणि त्याखाली अर्जदाराचे निवेदन लिहिले, तेही इंग्रजीत, की माझा दाखला ओलीने नष्ट झाला आहे. भाषा उत्तम होती. एकही खाडाखोड नव्हती.

"काय लिवलंय?" धोंडीबाने विचारले.

"दाखला आता मिळण्यासारखा नाही, असं लिहिलंय."

"ते खरं हाय," तो म्हणाला, आणि त्याने बोरूसारखी लेखणी धरून मोडीत सही केली. अक्षर वळणदार होते. ती सही कोरडी होईपर्यंत मी तिच्याकडे पाहत होतो. जो माणूस खोट्या सहीपेक्षा मोटार उभी राहू दे म्हणाला होता, त्याच्याकडून मी त्याला न कळता तीच सही करून घेतली होती.

दुय्यम प्रत चार दिवसांत निघाली. वर तांबडा शिक्का मारून मी ती स्वतः रजिस्टर टपालाने पाठवली. कूपने सुरू झाली. कुरवंड्याचे दूध स्टेशनावर पोचत राहिले. मला बरे वाटले. फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. धोंडीबाने शब्द दिलेला होता, आणि तो शब्द मोडायला त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मार्गशीर्षात एक दिवस तो कचेरीत उगवला. नवी पैरण, खांद्यावर उपरणे, हातात गुळाची ढेप. त्या दिवशी रांगेच्या टेबलावर मी नव्हतो, करंदीकर होते. मी पलीकडच्या टेबलावरून पाहिले आणि त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते मला दिसले. हिरवट पडलेला तांब्याचा डबा.

"सून सुटली," तो सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असे म्हणाला. "नात झाली. म्हनलं व्हतं तसं उंबरा काडला. ह्यो घ्या तुमचा पयला कागूद."

करंदीकरांनी डबा उघडला. मेण सुटून आले. आतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला दाखला निघाला. तो जसा गेला होता तसाच होता. खरे सांगायचे तर आमच्या कपाटातल्या कोऱ्या नमुन्यांपेक्षा तो जास्त कोरडा होता. एका कोपऱ्याला हळद लागलेली होती, तेवढाच काय तो फरक.

करंदीकरांनी फाइल मागवली. ती मलाच नेऊन द्यावी लागली. त्यांनी माझा अहवाल सावकाश वाचला, मग दाखल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. खोटा तपासणी अहवाल म्हणजे बडतर्फी. कलम मला पाठ होते. घरी आठ महिन्यांची गरोदर बायको होती, आणि वडगावात वडील गिऱ्हाइकांना सांगत असत की आमचा मुलगा सरकारात आहे.

करंदीकर धोंडीबाकडे वळले. "इथे तुम्ही लिहून दिले आहे की दाखला ओलीने नष्ट झाला. खाली तुमची सही आहे. तुम्ही असे लिहून दिलेत का, की दुसऱ्या कुणी लिहिले आणि तुम्ही न वाचता सही केलीत?"

कचेरीत टाइपरायटर थांबला होता. धोंडीबाने कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहिले. मग त्याने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. वळणावर समोरून गाडी येते का हे बघायला ड्रायव्हर पाहतो, तेवढाच.

"व्हय. मीच सांगितलं तसं लिवलं," तो म्हणाला. "ह्यांनी मला वाचून दावलं, मंग सही केली."

"मग हा दाखला कुठून आला?"

"ते मला काय म्हाईत, सायेब. तुमी शिकल्याली मानसं. तुमीच बघा."

करंदीकरांनी डोळे मिटले. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक होते, कारण मीही तेच मोजत होतो. अहवाल माझा, पण त्याखाली ‘तपासले’ म्हणून करंदीकरांची आद्याक्षरे होती आणि त्याखाली साहेबांची मंजुरी. चौकशी एकदा वर चढू लागली की कुठल्या पायरीवर थांबेल हे नियमात दिलेले नव्हते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"हा दाखला," ते म्हणाले, "दप्तरी नष्ट झालेला आहे. नष्ट झालेला कागद आवक करून घेता येत नाही. आवक झाली तर नोंद करावी लागेल, आणि नसलेल्या वस्तूची नोंद कशी करणार?" त्यांनी दाखला फडक्यात गुंडाळला, डब्यात घातला आणि डबा धोंडीबाच्या हातात परत दिला. "घेऊन जा. इथे काही आलेच नाही."

"आन गूळ?"

"गुळाबद्दल नियम नाही," करंदीकर म्हणाले, आणि तो शिपायाकडे दिला.

मी धोंडीबाच्या मागोमाग बाहेर आलो. तो त्याच पारावर बसला होता. माफी मागायची, तर नेमकी कशाकशाची, हे ठरेना.

"आबा, त्या दिवशी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

"व्हय. आत्ता आत कळलं."

"तुम्ही तिथं सांगायला हवं होतं. मला काही म्हणता आलं नसतं."

"म्हाईत हाय."

"मग का बोललात तसं? प्रतिज्ञापत्राला तर तुम्ही नाही म्हणाला होता."

धोंडीबाने डबा दोन्ही हातांनी धरून पायांशी ठेवला. "तवा माझ्या पोटाचं व्हतं, रावसाहेब. आपल्या पोटासाठी खोटं बोलाय लाज वाटली." त्याने कचेरीच्या दाराकडे पाहिले. "आज तुमच्या पोटाचं व्हतं."

मी त्याच्याशेजारी पारावर बसलो. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आन पुन्यांदा असलं काय लिवाल तर मला मराठीत वाचून दावत जा. लय ताप दिला तुमी."

मी विचारले, उंबरठ्याखाली आता काय ठेवले? मला भीती होती की नवी प्रत तर ठेवली नाही ना.

"तेच ठेवनार व्हतो. सून आडवी आली. बाळंतीण असून आतून वरडली, ‘आबा, नट.’ मंग नट ठेवला." त्याने डबा माझ्यापुढे सरकवला. "ह्यो तुमी ठेवा. मला दोन कागदांचं काय करायचं? आन तसा तर ह्यो न्हाईच हाय म्हनत्यात."

लोणावळ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून तो उठला.

पुढे नोकरीत मी शेकडो दुय्यम प्रती काढल्या. निवेदन लिहिले की अर्जदाराला ते मराठीत वाचून दाखवायचे, आणि मगच सही घ्यायची, हा शिरस्ता मी तेव्हापासून पाळला. त्यामुळे माझ्या टेबलापुढची रांग नेहमी सर्वांत लांब असे, आणि बढतीच्या वेळी माझ्या कामाबद्दल ‘मंद’ असा शेरा पडत असे. तो मी आनंदाने स्वीकारला. मोटारींचे कारखाने, नियम, साहेब, सगळे बदलले. करंदीकर गेले. धोंडीबाही गेला, त्याचा मुलगा लढाईवरून परत आला आणि ती मोटार मोडेपर्यंत त्यानेच चालवली, हे मला अब्बासभाईंनी सांगितले.

गेल्या पावसाळ्यानंतर सुनेने माझी पत्र्याची ट्रंक उन्हात ठेवण्यासाठी आवरली. तिला तळाशी दोन जुने कागद सापडले, दोन्हींना हळदीचे डाग. एक माझी पदवी होती.

"आणि हा कसला दाखला, बाबा?"

"ओलीने नष्ट झालेला," मी म्हटले.

तिने तो उलटसुलट करून पाहिला, बोटाने कोरडा कोपरा चाचपला, आणि पदवीच्या खाली, होता तिथे ठेवून दिला.